सिन्स की फॉर

“इथं ‘सिन्स’ नाही, ‘फॉर’,” म्हणत मास्तरांनी बायकोच्या वहीवर तांबडी फुली मारली. तिसऱ्यांदा तीच चूक.

निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. शिकवायला समोर कुणी नव्हतं, त्यामुळे बायकोनं आपणहून इंग्रजी शिकायचं काढलं तेव्हा त्यांना बरंच वाटलं. परदेशातल्या नातीशी बोलायचं असेल, असं ते धरून चालले. तिनंही नाही म्हटलं नाही.

रोज दुपारी भांडी आवरून ती टेबलापाशी येऊन बसायची. कधीपासून ते सांगायचं तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, हे त्यांनी तिच्याकडून पन्नासदा घोकून घेतलं. शेजारचे कंपाउंडर गप्पा मारायला आले की ते तिची वही मोठ्यानं वाचून दाखवत. एकतीस वर्षं मास्तराशी संसार करूनही डोक्यात उजेड पडला नाही, असं म्हणून हसत. कंपाउंडरही हसत. ती चहा टाकायला उठे.

पण तीनेक महिन्यांत चुका कमी होत गेल्या. नळ मंगळवारपासून गळतोय, मी सहापासून उभी आहे, असली वाक्यं ती बिनचूक लिहू लागली. मास्तर मनातून सुखावले. तोंडानं मात्र काही बोलले नाहीत. कौतुकानं विद्यार्थी शेफारतो, हे त्यांचं जुनं मत.

त्या दिवशी तिनं दहा वाक्यं लिहून त्यांच्यापुढे ठेवली आणि बसली नाही, उभीच राहिली. कपडे बाहेर जायचे होते. बाजारात निघाली असेल, असं समजून त्यांनी भराभर पेन चालवलं. नऊ वाक्यं बरोबर होती. दहाव्यापाशी पेन अडलं. मी एकतीस वर्षं विवाहित होते, असा त्याचा अर्थ निघत होता.

“‘फॉर’ जमलं, पण काळ चुकवलास,” ते म्हणाले. “‘वॉज’ लिहिलं की गोष्ट संपली. अजून चालू असेल तर ‘हॅव बीन’. किती वेळा सांगायचं?”

त्यांनी ‘वॉज’भोवती ठसठशीत गोल काढला. तिनं वाकून तो नीट पाहिला आणि वही मिटली.

“ते बरोबर आहे, सर,” ती म्हणाली. “वकीलबाईंनी सकाळीच तपासून दिलंय.”