नवं मीटर

“बघा, कसं गरगर फिरतंय!” पाणीखात्याचे साहेब नव्या मीटरच्या काचेवर टिचकी मारत म्हणाले. “पाणीपट्टी वाढवली म्हणून बोंबलता. तो पैसा इथं लागलाय, मावशी.”

इंदूमावशींनी सोडलेला नळ नुसता फुसफुसत होता. खालची कळशी ठणठणीत कोरडी.

“अहो, ही हवा आहे. आधी तासभर हवाच येते. तुमचं मीटर तीसुद्धा मोजतं.”

“परदेशी मीटर आहे. चुकायचं नाही. बिल भरा.”

मावशी आत गेल्या. नातीच्या वाढदिवसाचा उरलेला फुगा आणून त्यांनी नळाच्या तोंडाला चढवला. मीटर फिरत राहिलं, फुगा टम्म फुगला. गाठ मारून त्यांनी तो साहेबांच्या हातात दिला.

“हे घ्या तुमचं पाणी. घरी न्या, आणि बाईसाहेबांना म्हणावं, आज डाळ यातच शिजवा.”