एकविसावा मूकपट

“मास्तर, तुझं डोकं राणीच्या मांडीवर आलंय. सरक जरा,” ड्रायव्हर म्हणाला.

मास्तर सरकला नाही. भिंतीवर टाचलेल्या पांढऱ्या अस्तराच्या कापडावर राणी हुंदके देत होती, आवाजाशिवाय. मास्तरची खुर्ची कापडापासून हातभर अंतरावर होती. मान एका बाजूला कललेली. गेले काही महिने तो असाच बसायचा. मान आखडलीये, म्हणायचा.

चष्मेवाला मागच्या खुर्चीत होता. राणी का रडतेय ते त्याला कळलं नव्हतं, आणि कळलं नाही म्हणून त्याचं काही अडतही नव्हतं. बायको जाऊन चौदा महिने झाले होते. तेव्हापासून तो सगळीकडे असाच बसायचा. स्वतःच्या दुकानात, जेवणाच्या टेबलाशी, इथे. कसा आहेस, असं लोक विचारायचे. बरा आहे, असं तो सांगायचा. ते काही खोटं नव्हतं. दुखायचं म्हटलं तर आत काही जागं असावं लागतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी मास्तरच्या शिवणाच्या दुकानात तिघांनी जमायचं, हा बेत मास्तरचाच. पावणेदोन वर्षांपूर्वी त्याने बक्षिसं मिळवलेल्या जुन्या चित्रपटांची एक लांबलचक यादी कुठून तरी पैदा केली आणि फर्मान काढलं: जुन्यापासून नव्याकडे, ओळीने, एकही गाळायचा नाही. म्हणजे आधी एकवीस मूकपट. शहाण्या माणसाने पळून जावं असा प्रकार. पण तिघं शाळेपासूनचे, त्यामुळे पळणार कुठे? पडद्यावर मजकुराच्या पाट्या आल्या की सुरुवातीला मास्तर मोठ्याने वाचायचा. मग घसा बसतो म्हणून त्याने ते काम ड्रायव्हरच्या गळ्यात घातलं. ड्रायव्हर आठवडाभर बस हाकून दमलेला, तो निम्म्या पाट्या खाऊन टाकायचा.

राणी एकदाची मेली. ड्रायव्हरने उठून शटर अर्धं वर केलं. कापायच्या टेबलावर ऊन आलं.

“आता स्पष्टच बोलतो,” तो म्हणाला. “मला हे झेपत नाही. पुढच्या महिन्यात मधले सगळे सोडून रंगीत लावू. नाहीतर मी येत नाही. तुम्ही दोघं बसा एकमेकांची तोंडं बघत.”

तो आला नाही तर हे बंद पडेल, हे चष्मेवाल्याला कळत होतं. मग महिन्यातून एकदा घराबाहेर पडायचं हे एकमेव निमित्तही जाईल. जाईल तर जाईल, असं त्याच्या मनात आलं. त्यावर मनात दुसरं काहीच आलं नाही.

“तू बोल ना,” ड्रायव्हर त्याला म्हणाला.

“मला काहीही चालेल.”

तसा मास्तरवर त्याचा थोडा राग होता. इतकी वर्षं मास्तरचे सगळे चष्मे त्याच्याच दुकानातले. गेल्या दोन वर्षांत मात्र मास्तर तिथे फिरकला नव्हता. दुसरा कोणी स्वस्तातला गाठला असेल. मैत्री रविवारपुरती, धंदा दुसरीकडे. पण हा रागही त्याने नीट धरला नव्हता.

ड्रायव्हरने भिंतीवरची यादी काढून मास्तरच्या हातात दिली. “हं, वाच. पुढचा कोणता आहे ते तूच वाच आणि मग सांग बघवतो का.”

मास्तरने कागद घेतला. समोर धरला. मग हळूच डाव्या बाजूला नेला, पार कानापाशी, आणि मान फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे पाहिलं.

हे चष्मेवाल्याने दुकानात कितीतरी वेळा पाहिलं होतं. समोरचं दिसेनासं झालं की माणूस बाजूने बघायला शिकतो. अशा गिऱ्हाइकाला तो चष्मा विकत नसे, मोठ्या डॉक्टरांकडे पाठवत असे. त्याची नजर टेबलावर गेली. टाचणीच्या गादीवर दहा-बारा सुया ओळीने खोचलेल्या, प्रत्येकीत दोरा आधीच ओवलेला. कुणीतरी सकाळी बसून ओवून ठेवलेला. त्या सुया काय आज आल्या नव्हत्या. तो दर महिन्याला याच टेबलापाशी बसत होता, आणि डोळे तपासणं हा त्याचा धंदा होता.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

मास्तरने कागद खाली ठेवला. “यादी आणली त्याच्या आदल्या महिन्यापासून. डॉक्टर म्हणाले, अजून दीड-दोन वर्षं दिसेल. यावर चष्मा चालत नाही.”

“दुकानात का आला नाहीस?”

“तू डोळ्यात बत्ती मारताक्षणी ओळखलं असतंस. तेव्हा तुझ्या घरी वहिनी अंथरुणाला खिळलेल्या. एका वेळी किती जणांची काळजी करणार होतास?”

चष्मेवाल्याने खाली बघितलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याला दुखलं. बायकोसाठी की मास्तरसाठी ते त्याला वेगळं काढता येईना. त्याने आपली खुर्ची उचलली आणि मास्तरच्या शेजारी आणून ठेवली.

ड्रायव्हर अजून उभाच होता. त्याचा आवाज एकदम खाली आला.

“अरे, मग हा हट्ट कशाला धरलास? डोळे चांगले होते तेव्हा रंगीत बघून घ्यायचेस ना, वेड्या. ही पावणेदोन वर्षं त्या काळ्यापांढऱ्या मुक्यांवर का घालवलीस?”

मास्तरने मान कलती करून दोघांना एकेक करून कोपऱ्यातून पाहून घेतलं.

“त्यांना डोळेच लागतात रे,” तो म्हणाला. “आजचा शेवटचा होता. यापुढचे सगळे बोलतात.”