आल्यागेल्याला पाणी

"मावशी, आधी पाणी घे," म्हणत ठमीने पेला तिच्यापुढे ठेवला.

"अगंबाई, पंधरा वर्षांची पोर आणि पाहुणचार आजीबाईचा!" सोफ्यावर पाय वर घेऊन बसत मावशी हसली.

आई शिवणाच्या कारखान्यातून साडेपाचला सुटायची. तोवर सोबतीला मावशी येणार, हे सकाळीच ठरलं होतं. मावशी आली असं ठमीने सांगताच दुपारपासून सोबतीला बसलेल्या शेजारच्या काकू "दूध गॅसवर आहे गं" म्हणत मागच्या दाराने पळाल्या होत्या. तीन महिन्यांपूर्वी कानातल्या आवाजांचं ऐकून ठमी स्वतःच्या जिवावर उठली होती. तेव्हापासून तिला कुणी एकटं सोडत नसे.

डॉक्टरीणबाईंबरोबर बसून लिहिलेला कागद कपाटावर चिकटवलेला होता. ठमीचंच गिचमिड अक्षर. आवाज वाढले की झाडांना पाणी घालायचं. मोठ्याने गाणं म्हणायचं. तरी थांबले नाहीत तर आईला फोन, ती कितीही कामात असो. आणि सगळ्यात वर: आल्यागेल्याला आधी पाणी द्यायचं.

भिंतीतला पाइप कुजबुजला. ठमी दचकली.

"पाइप आहे गं वेडे. मी आहे ना इथे."

ठमीला जरा बरं वाटलं.

"दमलीस ना?" मावशीने विचारलं.

"हो."

"आईपण दमलीय. बोलून दाखवत नाही इतकंच." मावशीचा आवाज सायीसारखा मऊ होता. "तो कागद काढ बघू. कागदाने कधी कुणी बरं झालंय?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्यात…"

"त्यांना काय कळतंय? चल माझ्याबरोबर. तिकडे कुणी कुजबुजत नाही."

ठमी उठली. खिडकीत साध्या दोन कुंड्या होत्या. त्यांना पाणी घातलं. मग सुचेल तसं काहीबाही जुळवत ती गाऊ लागली.

मावशीही गाऊ लागली. तेच शब्द, एकही न चुकता.

ठमीने पेल्याकडे पाहिलं. मग फोन उचलला.

"कामात असेल ती," मावशी करवादली. "किती छळशील तिला?"

"काय गं राणी?" आईच्या मागे शिलाईयंत्रांची घरघर होती.

"आई, मावशीचा पेला अजून काठोकाठ भरलेलाच आहे."

घरघर मागे पडत गेली; आई चालू लागली होती.

"शाब्बास माझी बाय. फोन ठेवू नकोस, बोलत बोलत काकूंचं दार वाजव. मी निघालेच. मावशीची बस अजून पुलावरच अडकलीय."