एका तोंडापुरती शाई

आदिनाथने शाईची बाटली खिशात नीट बसवली आणि पुस्तकांच्या दुकानात पाय टाकला. आज तिथे साळव्यांच्या सह्यांचा कार्यक्रम होता. साळव्यांच्या तोंडाला काळं फासलं की पंचायत समितीचं तिकीट पक्कं, असं आप्पासाहेबांनी कालच सांगितलं होतं.

आप्पासाहेब साखर कारखान्याचे चेअरमन. नगरच्या पेपरात भा. रं. साळवे हे नाव दर रविवारी त्यांची सालं काढायचं. साळव्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं, पण रुबाब केवढा! लिखाणात 'मी' कधी नाहीच, कायम 'आम्ही'. परवाच छापून आलं होतं, 'काळं फासणाऱ्यांनी जरूर यावं. आम्ही पळालो तर साळव्यांचं नाव लावणार नाही.'

दुकानात चिटपाखरू नव्हतं. धमकीची बातमी नगरभर झाली होती. मालक कानिफनाथ गल्ल्यामागे घाम पुसत होता. टेबलापाशी एक म्हातारी बाई तेवढी चहा पीत बसली होती.

आदिनाथने गिऱ्हाइकासारखं साळव्यांचं पुस्तक विकत घेतलं आणि तिच्यासमोर जाऊन बसला.

"मावशी, तुमीबी सहीसाठीच का?"

"व्हय. शेवगावहून सकाळच्या यष्टीनं आलोत आमी."

"घरी जा. हितं दंगा व्हनार हाय."

"मालकबी मघापासून तेच म्हनत्यात." तिने बशी खाली ठेवली. "पर कबूल केलंय तर बसाय पायजे."

बराच वेळ गेला. दाराकडे बघून बघून आदिनाथची मान अवघडली. तिकीट हातचं जाणार म्हणून तो चिडला होता.

"पळाला तुमचा साळवे," तो म्हणाला. "लिवायला वाघ, तोंड दावायला शेळी."

बाईने बशी बाजूला सारली. एवढ्या लांबून आलेली, त्याला तिची कीव आली.

"खिशात काय रं?" तिने विचारलं.

"शाई." आता लपवायचं तरी काय राहिलं होतं?

"साळव्यांसाठी आनली?"

"व्हय."

"एवढी? तोंड तर एकच हाय." ती हसली. "दे इकडं. आमचा पेन कोरडा पडलाय."

वाया जायची ती कुणाच्या तरी कामी येईल, म्हणून त्याने बाटली टेबलावर ठेवली. तिने झाकण काढलं. त्याच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं, पहिलं पान उघडलं आणि पेनाचं टोक शाईत बुडवलं.

"नाव सांग बाळा तुझं," भागीरथी रंभाजी साळवे म्हणाल्या.