पाचवी रेघ

थोरलीने भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ जाऊन पेन्सिल हातात घेतली, पण रेघ काही मारली नाही. तिथे तिच्याच हातच्या आधीच्या चार रेघा होत्या. चारही आखूड, पेन्सिलचं टोक मोडेल इतक्या जोरात मारलेल्या.

मागे पलंगावर तिची धाकटी बहीण बाळाला अंगावर घेऊन बसली होती. बाळाने दोनदा तोंड लावलं, दोनदा काढलं आणि मान वळवून ते पंख्याकडे बघत बसलं.

"घेतलं की थोडं," धाकटी म्हणाली. "मार रेघ. इथे कोण मोजायला बसलंय?"

मोजायला थोरलीच बसली होती, गेले पाच दिवस. बाळ तिने बारा दिवसांचं असताना घरी आणलं, त्याला आता आठ महिने झाले. मशिदीतल्या मुफ्तीसाहेबांनी तिला नीट समजावून सांगितलं होतं. नुसतं पाळल्याने मुलगा आपला होत नाही. वयात आला की तो परकाच, शेजारच्या मुलासमोर झाकावं तसं त्याच्यासमोरही डोकं झाकावं लागेल. पण दोन वर्षांचा व्हायच्या आत तिच्या सख्ख्या बहिणीने त्याला पाच वेळा पोटभर पाजलं, तर बहीण त्याची दूधआई आणि थोरली मावशी. मग जन्मभर पडद्याचा प्रश्न नाही. नुसतं तोंड लावून सोडलं तर ते धरू नका, असंही त्यांनी बजावलं होतं. थोरलीने मान डोलावली आणि बाहेर येऊन चपला घालताना तिच्या लक्षात आलं. मुलगा आपला करायचा, तर आधी तो बहिणीचा करायचा.

धाकटी आली ती तीन महिन्यांची लेक कडेवर घेऊन. हिला सगळं न मागता मिळालेलं, लहानपणापासूनच. दूधही इतकं की झगा भिजायचा, आणि वाळत घालताना ती सहज म्हणायची, वायाच जातं गं. थोरली ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि आतल्या आत जळायची. पहिल्या दिवशी बाळ धाकटीकडे जाताना रडलं, तेव्हा थोरलीला आनंद लपवता आला नव्हता. चौथ्या दिवशी ते धाकटीची चाहूल लागताच दाराकडे बघून हात हलवायला लागलं. त्या रात्री थोरली जेवलीच नाही.

आज शेवटचा दिवस. पाच वाजता धाकटीचा नवरा गाडी घेऊन येणार होता आणि परवा त्यांचं विमान होतं, दोन वर्षांसाठी. दुपारी दोनला पाजायचं ठरलं होतं.

"मार ना," धाकटी पुन्हा म्हणाली. मग तिने बाळाचं तोंड पुसायला ओढणीचं टोक धरलं आणि ती थांबली. वाकून तिने वास घेतला. "आपा, याच्या तोंडाला पावडरच्या दुधाचा वास येतोय."

"भूक लागली होती त्याला," थोरली म्हणाली. तिने पेन्सिलचं टोक कॅलेंडरवर टेकवलं. एक रेघ तर मारायची. कोणाला कळणार होतं? धाकटी विसरून जाणार, मुफ्तीसाहेब तिच्या शब्दावर विश्वास ठेवणार. आणि बारा वर्षांनी हा शाळेतून घरी आला, आई म्हणून गळ्यात पडला की तिच्या एकटीच्या अंगावर काटा येणार, रोजच्या रोज.

तिने पेन्सिल खाली घेतली. "भूक नव्हती लागली. मीच पाजलं, मुद्दाम. तुझ्याकडे गेला की माझ्याकडे वळूनसुद्धा बघत नाही तो."

धाकटी रागावेल असं तिला वाटलं होतं. धाकटीने फक्त झग्याची बटणं लावली.

"याला पोटभर मिळावं म्हणून माझी पोर पाच दिवस दुपारची बाटलीवर आहे," ती म्हणाली. "ती रडते आणि मी तुझ्या मुलाला पाजते. मला काय बरं वाटतं का?"

थोरलीने भाचीला पाच दिवसांत धड पाहिलंही नव्हतं. धाकटीची आहे, एवढंच तिला दिसलं होतं.

मग दोघी बाळाला भूक लागायची वाट बघत बसल्या. तीन वाजले, साडेतीन झाले. पावणेचारला बाळ कुरकुरायला लागलं. चारच्या पुढे ते चांगलंच भुकेलं आणि रडत रडत थोरलीकडेच झेपावलं. यासाठीच तर तिने बाटली दिली होती. तिने त्याला उचललं, क्षणभर घट्ट धरलं आणि आपल्या हाताने बहिणीच्या मांडीवर ठेवलं. बाळ लुचायला लागलं. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

पाळण्यातली पोर जागी होऊन रडू लागली. थोरलीने बाटली विसळली, नवीन दूध केलं, मनगटावर थेंब टाकून बघितला आणि भाचीला घेऊन ती पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसली. पोरीने तिचं बोट धरून ठेवलं. बराच वेळ खोलीत दोन मुलांच्या घोटांखेरीज आवाज नव्हता.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाळाने आपणहून तोंड काढलं, ढेकर दिला आणि तिथेच डोळे मिटले.

"आता तरी मार," धाकटी म्हणाली.

"माझे हात गुंतलेत. तूच मार."

धाकटी बाळाला खांद्यावर टाकून उठली, कॅलेंडरजवळ गेली आणि तिने पाचवी रेघ मारली.

थोरली बसल्या जागेवरून बघत होती. "लांब मारलीस," ती म्हणाली.