सोपी खेळी

"काका, तुमच्या खेळाचं बलस्थान म्हणजे संयम," स्क्रीनवरचा बुद्धिबळाचा प्रशिक्षक म्हणाला. तो वयाने पंचविशीचा होता, दाढीने चाळिशीचा.

"संयम कसला सर, बहिरेपणा तो," मागून मुलगी म्हणाली. "आई म्हणायची, ह्यांना सांगितलं काय नि भिंतीला सांगितलं काय, सारखंच. भिंतीला निदान बुद्धिबळाचा नाद नसतो."

चष्मेवाले हसले नाहीत, रागावलेही नाहीत. आपल्या चष्म्याच्या दुकानात ते दिवसभर गिऱ्हाइकाला "हे स्पष्ट की ते?" एवढंच विचारायचे. घरी तेवढंही नाही. मार्चमध्ये आई गेली, तेव्हापासून तर त्यांनी तोंड जेवण्यापुरतंच ठेवलं होतं. म्हणूनच मुलीने हा प्रशिक्षक लावून दिला होता. उद्या ती आपल्या घरी परतली की बापाशी बोलणारं एक तरी माणूस असावं, भले ते घोड्या-उंटाबद्दल का बोलेना.

प्रशिक्षकाचा अहवाल रंगीत होता. सुरुवात साधी, पण भक्कम. बचाव चिवट. वजीर गेला तरी डगमगत नाहीत, उरलेल्या दोन प्याद्यांवर समोरच्याला रडवतात. "आमच्या क्लबच्या ऑनलाइन संघात तुम्ही सहज बसाल काका. फक्त एक भानगड आहे."

त्याने एक जुना डाव उघडला. "हा बघा. तुम्ही जिंकत आलाय. त्याने तुमचा घोडा मारला. आता तुम्ही त्याला मारायचं, दुसरी खेळीच नाही. शाळेतलं पोरगंही डोळे मिटून मारेल. आणि तुम्ही? बसून राहिलात! वेळ संपली, हरलात." त्याने दुसरा डाव उघडला, मग तिसरा. "इथेही तेच. इथेही. आणि हे सगळे संध्याकाळचे डाव. अवघड खेळ्या झटपट करायच्या आणि सोपीवर ठाण मांडायचं. एवढा कसला विचार करत होता?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"गंमत म्हणजे मार्चनंतर हा दोष पार गेलाय. एकदाही नाही! काय केलंत काय?"

"काही नाही."

"असू दे. तर उपाय सोपा आहे. हे खातं बंद करा आणि नवीन उघडा. एका माणसाला दोन खाती चालत नाहीत. असे वेळेवर हरलेले डाव दिसले की निवडणारे नावावर काट मारतात. नव्या खात्यात पाटी कोरी."

"जुने डाव?"

"ते खात्याबरोबर जातील. गेलेलेच बरे, काका."

"मग नको."

"अहो, संघात घेणार नाहीत!"

"नको घेऊ देत," चष्मेवाले म्हणाले, आणि "बरंय तर" म्हणून त्यांनी कॉल बंद केला.

मुलगी भडकली. "बाबा, जन्मात एकदा तरी कुणाचं ऐका! आई रोज संध्याकाळी ह्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलायची. तिच्या शिवणाच्या क्लासातलं, शेजारचं, माझं. तुमची आपली पाठ. कधी मान तरी वळवलीत?"

"मान नाही वळवली," चष्मेवाले म्हणाले.

ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने भांडी आपटली. भांड्यांचा काही दोष नव्हता. बाहेरून आवाज आला नाही, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

त्यांनी मघाचाच पहिला डाव उघडला होता. खेळला गेला होता त्याच वेगाने तो परत दाखवायची सोय होती, ते बटण त्यांनी दाबलं होतं. घोडे उड्या मारत होते, प्यादी पडत होती. मग समोरच्याने घोडा मारला आणि पट थांबला. कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं उतरत राहिलं.

"अडकलंय वाटतं," ती म्हणाली.

"नाही. चालू आहे."

पट तसाच. बाबा तसेच. मग त्यांची पाठ हलली. आधी जराशी, नंतर चांगलीच गदगदली. आईला नेलं तेव्हाही हा माणूस रडला नव्हता. मुलीचा राग उतरला. तिने पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाकून पाहिलं.

ते हसत होते. हात माउसवर नव्हता. दोन्ही हात मांडीवर, गोष्ट ऐकायला बसलेल्या माणसासारखे.

"दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच कापल्या," ते म्हणाले. "आणि वर म्हणते, असू दे बाई, उजवा हात मी खिशातच ठेवीन."

क्लासातल्या त्या नव्या बाईची गोष्ट. मुलीला ठाऊक होती. आईने फोनवर सांगितली होती, हसून हसून तिला ठसका लागला होता. आणि शेवटी म्हणाली होती, "ह्यांनाही सांगितली गं आत्ता. पण सांगून उपयोग काय?"

घड्याळ उतरत होतं. मुलगी हलकेच मागे सरकली, दारापर्यंत गेली, आई उभी राहायची तिथे थांबली आणि तिने पाहिलं.

तिथून हात दिसत नव्हते. नुसती पाठ दिसत होती.