सलूनच्या डोक्यावर

वर खुर्च्या सरकवल्याचा आवाज झाला आणि सलूनवाल्याने तिसऱ्यांदा झाडू उचलला. जमिनीवर औषधालासुद्धा केस नव्हता. सकाळपासून एकच माणूस दुकानात शिरला होता, तोही पत्ता विचारायला. घड्याळात सव्वापाच झाले होते.

दुपारी शटर अर्धं ओढून त्याने फोन लावला होता. नंबर दवाखान्याच्या भिंतीवरून उतरवून आणलेला, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाचा. ‘माझ्या एका मित्राला हवंय,’ हे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं.

“हो का? मग मित्राला सांगा, दर गुरुवारी सहा वाजता,” पलीकडचा माणूस म्हणाला. “आजच आहे. बाजारामागच्या गल्लीत एक सलून आहे, त्याच्या डोक्यावर. जिना बाजूनेच आहे. सापडेल ना?”

“शोधेल तो,” म्हणून सलूनवाल्याने फोन ठेवला आणि छताकडे बघत राहिला.

दोन वर्षं तो समजत होता की वर विमा एजंटांची बैठक भरते. एकदा ते लोक फारच हसायला लागले तेव्हा त्याने झाडूच्या दांड्याने छत ठोकलंही होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. याचा कळसा तर थेट डोक्यावर निघाला.

हे सगळं सकाळच्या प्रसंगामुळे झालं होतं. रोजच्यासारखा तो बापाची दाढी करायला बसला आणि बापाने दोन्ही हातांनी गाल झाकले. याच बापाने त्याला वस्तरा धरायला शिकवलं होतं. “राहू दे रे बाळा,” बाप म्हणाला, “मी आपला चौकातल्या दुकानात जाऊन येतो.” रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण म्हातारा घाबरला होता. “रविवारपर्यंत थांबा बाबा, मीच करीन,” असा शब्द सलूनवाल्याने देऊन टाकला आणि तेव्हापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

सकाळपासून त्याने घोटभरही घेतली नव्हती. त्यामुळे हात सुधारतील म्हणावं, तर ते जास्तच कापत होते. तेलाच्या बाटल्यांमागे त्यावरचा उपाय उभा होता. जिना चढण्यापुरते दोन घोट घे, मन सांगत होतं. याच मनाने काल आंघोळीला जाण्यापुरते दोन घोट सांगितले होते.

तो बाटलीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. तेवढ्यात चित्रकलेचे मास्तर आत आले आणि खुर्चीत बसून त्यांनी मान मागे टाकली. दर गुरुवारी ते याच वेळेला यायचे.

“मास्तर, आज नको. हात बरोबर नाही.”

“माझी मान काय पळून चाललीय? करा सावकाश.”

त्याने केली. डावा गाल निभावला. हनुवटीखाली वस्तरा सटकला आणि फेसात लाल रेघ उमटली. त्याने घाईने तुरटी लावली. मास्तरांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. सलूनवाल्याला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“पुढच्या गुरुवारी येतो,” म्हणत मास्तर रुमाल दाबून बाहेर पडले. पण ते रस्त्याकडे वळले नाहीत. भिंतीपलीकडे जिना वाजू लागला. एकेक पायरी वाजत वाजत वर गेली.

सलूनवाला तसाच उभा राहिला. मग त्याने शटर ओढलं. पंखा बंद केलाय का बघायला परत उघडलं. पंखा बंदच होता. पुन्हा ओढलं, सहा पायऱ्या चढला, कुलूप नीट लागलंय का बघायला खाली उतरला. ते लागलं होतं. आता बघायचं काहीच उरलं नव्हतं. तो चढून वर गेला आणि त्याने दार लोटलं.

गोल मांडलेल्या खुर्च्यांवर दहाबारा माणसं बसली होती. दोन बाया सोडल्या तर सगळी त्याच्या ओळखीची. औषधाच्या दुकानातला माणूस, त्याच्या कानाखाली सोमवारची खपली. बसचा कंडक्टर, त्याच्या गालावर कालची पट्टी. पलीकडे शाळेचा चौकीदार, दूधवाला, मास्तर. वर्षभरात त्याच्या दुकानाकडे गावाने पाठ फिरवली होती. जी पाचसहा गिऱ्हाइकं टिकली होती, ती सगळी इथे बसली होती. ज्याच्या त्याच्या तोंडावर सलूनवाल्याच्याच हातचं काम होतं.

त्याला रडू फुटलं आणि रागही आला.

“अहो, हे सगळं मी कापलंय,” तो दारातूनच म्हणाला. “कळत होतं ना तुम्हाला माझं? मग गावात दुसरं दुकान नव्हतं का?”

“होती की, चार आहेत,” मास्तर म्हणाले. त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची त्याच्याकडे वळवली. “पण तुम्ही कापल्यावर निदान तुरटी तरी लावता. आम्ही प्यायचो तेव्हा घरच्यांना जखमा करून तेवढंही केलं नव्हतं. या, बसा.”